‘तिला सांगा’ असं म्हणू नका : वर्गातल्या दुभाषीचं काम

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. सातवीच्या वर्गात एक कर्णबधिर मुलगी आली आहे. सोबत सांकेतिक भाषेच्या दुभाषीबाई आहेत. तुम्ही विज्ञान शिकवता. मुलगी तासभर बाईंकडेच बघते, तुमच्याकडे नाही. सहामाहीत तिला कमी गुण पडले. मुख्याध्यापक विचारतात, दुभाषी असूनही असं का? आणि तुम्ही विचारता, या बाईंनी नेमकं करायचं काय? शिकवायचं, वही लिहून द्यायची, गृहपाठ घ्यायचा, की नुसते हात हलवायचे?

‘नुसते हात हलवायचे’ हे शब्द तुमचे आहेत, पण रागावले नाही. 22 वर्षं दुभाषी म्हणून मी हेच हात हलवते आहे आणि पहिली दोन-तीन वर्षं मलाही माझं काम धड सांगता येत नव्हतं. ते मला सांगितलं नववीतल्या एका मुलानं. गणिताचे सर मला रोज म्हणायचे, “तुमच्या मुलाला सांगा, वही उघड.” मी ते जसंच्या तसं हातांनी सांगायची. एक दिवस तो मुलगा वैतागून म्हणाला, “मी तुमचा मुलगा कुठे आहे? सरांना माझी भाषा येत नाही, म्हणून तुम्हाला बोलावलंय ना?”

माझं उत्तर खरं तर इथूनच सुरू होतं. दुभाषी त्या मुलीला दिलेली सोय आहे, असं सगळे धरून चालतात. पण तिची भाषा तुम्हाला येत नाही आणि तुमचं बोलणं तिला ऐकू येत नाही, अडचण दोघांची आहे. बाई जितक्या तिच्यासाठी आहेत तितक्याच तुमच्यासाठी आहेत. हे पटलं तर पुढच्या निम्म्या गोष्टी तुमच्या तुम्हालाच सुचतील.

पहिली गोष्ट बोलण्याची. “तिला सांगा की आकृती काढ” असं म्हणालात तर बाई प्रामाणिकपणे तिला सांगतील, “तिला सांगा की आकृती काढ.” म्हणजे मुलगी समोर बसलेली असून तिच्याबद्दल दुसऱ्याशी बोलणं चाललंय, हे तिला कळेल. इतर मुलांनाही कळेल, आणि ती लगेच तसंच वागायला लागतील. तिच्याकडे बघून तिच्या नावानं बोला: “आकृती काढ.” ती तुमच्याकडे बघत नसेल. पहिले काही दिवस विचित्र वाटेल, मग वाटणार नाही. ती उत्तर देत असताना आवाज बाईंचा येतो, पण तेव्हाही बघायचं तिच्याच चेहऱ्याकडे. बाईंकडे बघून “बरोबर!” म्हणणारे शिक्षक मी कितीतरी पाहिलेत. आपल्या उत्तराची शाबासकी दुसऱ्याला मिळताना बघणाऱ्या मुलीचा चेहराही पाहिला आहे.

आता ती बाईंकडेच का बघते? तिचे कान तिथे आहेत म्हणून. इतर मुलं डोळ्यांनी तुमच्या हातातली परीक्षानळी बघतात आणि त्याच वेळी कानांनी तुमचं ऐकतात. तिच्याकडे एकच वाट आहे, डोळ्यांची. त्या वाटेवर एका वेळी एकच गोष्ट येऊ शकते: परीक्षानळी, फळा, वही किंवा बाईंचे हात.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. तुम्ही निळा मोरचूद तापवता आणि म्हणता, “बघा, निळा रंग कसा जातोय, पांढरी पूड होतेय, कारण स्फटिकातलं पाणी निघून चाललंय.” बाई ‘बघा’ सांगतात, मुलगी मान वळवते, तेवढ्यात तुमचं कारण सांगून झालेलं असतं. ती कारण बघायला परत बाईंकडे वळते, तोवर पूड पांढरी झालेली असते. तिनं प्रयोगही अर्धा पाहिला आणि कारणही अर्धंच पाहिलं. ‘अर्धंच कसं समजतं?’ असं तुम्ही लिहिलंय. ते असं. बाईंचं काम चोख असलं तरी हे घडतं.

उपाय फुकटचा आहे. आधी सांगा काय होणार आहे. थांबा. मग तापवा, आणि तापवताना गप्प राहा. सगळ्यांना बघू द्या. मग कारण सांगा. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलणंही असंच. “हे इथून इकडे गेलं, की हे याच्यात मिसळतं” या वाक्याचं दुभाषीनं काय करावं, तुम्हीच सांगा. ‘हे’ कोणतं आणि ‘इकडे’ म्हणजे कुठे, ते बोटानं दाखवल्याशिवाय कळत नाही, आणि तुमचं बोट पुढे गेल्यावर बाईंच्या हातात ते येतं. “डाव्या कप्प्यातलं अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे” असं नाव घेऊन बोला. बघा, हे मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून जातं, हे तुम्हाला लगेच खटकलं असेल. ज्या बाईंनी सातवीनंतर विज्ञान सोडलं, त्यांना ते खटकणार नाही. तुमची जीभ घसरली तर तुमची चूक त्या मन लावून पोचवतील. याबद्दल पुढे बोलतेच.

आणि डिक्टेशन. वहीत बघायचं तर बाई दिसत नाहीत, बाईंकडे बघायचं तर लिहिता येत नाही. कर्णबधिर मुलाला उतरवून घ्यायला सांगणं म्हणजे इतर मुलांना कानात बोळे घालून लिहायला लावण्यासारखंच आहे. टिपणं आधी छापून द्या, किंवा एखाद्या नीट लिहिणाऱ्या मुलीच्या वहीची प्रत तिला मिळेल असं करा. बाईंनी वही लिहून द्यायची का? नाही. त्यांचे हात बोलण्यात गुंतलेले असतात, तेच हात लिहायला लागले की बोलणं थांबलं.

यापुढचा मुद्दा बहुतेक शिक्षकांना माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुभाषी तुमच्या बोलण्याच्या थोडी मागे असते. तिनं मागे असायलाच हवं. मराठीत वाक्याचा जीव शेवटी असतो. “देवमासा समुद्रात राहतो, माशासारखा पोहतो, माशासारखा दिसतो, पण तो मासा…” इथवर ऐकून मी काय सांगू? ‘नाही’ यायचा आहे. तो आल्याशिवाय वाक्य उचललं तर मुलीच्या हातात उलटा अर्थ जातो. म्हणून अनुभवी दुभाषी एखादं वाक्य पोटात धरून ठेवते आणि अर्थ लागल्यावर सोडते. नवी दुभाषी घाबरून शब्दाला शब्द लावत सुटते, आणि बघणाऱ्याला तीच जास्त तरबेज वाटते. डेनिस कोकली या अमेरिकन अभ्यासकानं 1986 मध्ये हे मोजून दाखवलं होतं. वक्त्याच्या सुमारे 2 सेकंद मागे राहणाऱ्या दुभाषींच्या चुका सुमारे 4 सेकंद मागे राहणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाल्या. तेव्हा बाई मागे पडतात अशी तक्रार करू नका. त्या काम नीट करताहेत असं समजा.

पण या 4 सेकंदांची किंमत मुलगी मोजते. तुम्ही प्रश्न विचारता, तिसऱ्या बाकावरचा हुशार मुलगा लगेच हात वर करतो, तुम्ही त्याला उठवता, तो उत्तर देतो. आणि प्रश्न तिच्यापर्यंत पोचेपर्यंत उत्तर निघून गेलेलं असतं. असं दिवसात 15-20 वेळा होतं. दोन महिन्यांत ती हात वर करणं सोडून देते, आणि मग तिच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्गात सहभाग कमी’ अशी नोंद होते. प्रश्न विचारल्यावर मनात 5 आकडे मोजा, मगच कुणाला तरी उठवा. बाईंचे हात थांबलेले दिसले की मोजायचीही गरज नाही. मी पाहिलेल्या सगळ्या वर्गांत याचा फायदा ऐकू येणाऱ्या, पण कमी बोलणाऱ्या मुलांनाही झाला. गटचर्चेत एका वेळी एकानंच बोलायचं आणि बोलण्याआधी हात करायचा, एवढं पाळलं तरी पुरे. चार मुलं एकदम बोलायला लागली की मी त्यातलं एकाचंच सांगू शकते. कुणाचं सांगायचं ते मी ठरवते, आणि ते ठरवणं माझं काम नव्हे.

दुसरी बाजू म्हणजे तिच्या हातांकडून तुमच्या कानाकडे. लोकांना वाटतं अवघड काम हे की बोलणं खुणांत आणायचं. माझ्या मते उलटं अवघड आहे. मुलगी एखादी प्रक्रिया नेमकी, सुंदर सांगते: पाणी तापतं, वरच्या थरातले कण सुटे होतात, हवेत मिसळतात. मी जर “पाणी उडून जातं” म्हणाले तर तुम्हाला ती पाचवीतली वाटेल. आणि तिनं खरोखरच फक्त “पाणी गेलं” एवढंच सांगितलं असताना मी “बाष्पीभवन झालं” म्हणाले तर मी तिला न येणारं उत्तर तिच्या नावावर जमा केलं. दोन्ही फसवणूकच. बऱ्याच दुभाषी या दिशेला कच्च्या असतात, कारण दिवसभर शिक्षक बोलतात आणि मुलांना बोलायची संधीच कमी मिळते. सराव होणार कुठून?

अमेरिकेत शालेय दुभाषींची जी परीक्षा वापरतात तिच्यात दोन्ही दिशा तपासतात आणि 0 ते 5 मध्ये दर्जा देतात. बऱ्याच राज्यांत नोकरीसाठी 3.5 किंवा 4 लागतो. त्यातल्या चौथ्या पायरीचं वर्णन मुख्याध्यापकांना वाचून दाखवण्यासारखं आहे: अशी व्यक्ती वर्गातलं बरंचसं पोचवू शकते, पण गुंतागुंतीचा विषय आला किंवा बोलणारे भराभर बदलू लागले की अडखळू शकते. चौथी पायरी म्हणजे चांगली दुभाषी बरं का! तुमच्या बाईंना ही भाषा किती येते, त्यांनी ती कुठे शिकली, कर्णबधिर प्रौढांमध्ये त्यांचा वावर आहे का, हे कुणी विचारलंय का? थोड्या महिन्यांचा वर्ग करून थेट सातवीच्या विज्ञानासमोर उभ्या केलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यात त्यांचा दोष नसतो.

आता शब्दांचं. विज्ञानातल्या कितीतरी संज्ञांना सगळीकडे रूढ झालेली खूण नसते. ‘जडत्व’ घ्या. दुभाषी अशा वेळी अक्षरं बोटांनी दाखवते, थोडक्यात समजावते, आणि मग मुलीबरोबर त्या धड्यापुरती एक खूण ठरवते. घरगुती सोय म्हणून ठीक, पण प्रत्येक वर्गात वेगळी खूण जन्माला येते आणि पुढच्या वर्षी दुसरी दुभाषी आली की सगळं मुसळ केरात. म्हणून आधी शब्दकोश बघावा. भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी शब्दकोशात 2021 मध्ये 10,000 संज्ञा झाल्या, त्यात शालेय विषयांच्याही आहेत. ब्रिटिश सांकेतिक भाषेसाठी एडिंबरा विद्यापीठात कर्णबधिर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी मिळून विज्ञान-गणिताच्या खुणांचा संग्रह केला आहे. खूण बनवण्याचा हक्क त्या भाषेत जगणाऱ्यांचा. माझ्यासारखीनं बनवलेली खूण बहुधा मराठी शब्दाचं हातांनी केलेलं भाषांतर असते.

पण खरा घोळ ओळखीच्या शब्दांत होतो. भौतिकशास्त्रात ‘कार्य’ हा शब्द आला. मी सरळ ‘काम’ची खूण केली, रोजची. सर शिकवत होते की जड पिशवी हातात धरून कितीही वेळ उभं राहिलं तरी कार्य शून्य. मुलगा माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. घामाघूम होईपर्यंत पिशवी धरली आणि म्हणे काम केलं नाही! तो परीक्षेत चुकला, आणि ती चूक माझी होती. धडा आदल्या दिवशी वाचला असता तर ‘बल लावलं आणि वस्तू सरकली’ असं दाखवणारी खूण मी केली असती. तेव्हापासून मी शिक्षकांच्या मागे लागते: दोन दिवस आधी पानं द्या, प्रयोग कोणता ते सांगा, व्हिडिओ दाखवणार असाल तर लिंक द्या आणि त्यातलं बोलणं खाली लिहून येतं का बघा. अंधार करून व्हिडिओ दाखवायचा असेल तर माझ्यावर एक दिवा राहू द्या. अंधारात मी मुकी असते.

तर मग गृहपाठ, शिस्त, शिकवणी हे दुभाषीचं काम आहे का? दुभाषी म्हणून नाही. त्यांना शिकवायला लावलंत की एक विचित्र गोष्ट घडते. मुलीला तुमचा धडा न मिळता बाईंना समजला तेवढा धडा मिळायला लागतो. तुम्हीही नकळत तिची जबाबदारी सोडून देता. शाळेला त्यांची मदत गृहपाठासाठी हवी असेल आणि त्यांची तेवढी पात्रता असेल, तर त्याचा वेगळा तास ठेवा. त्या तासाला त्या शिक्षिका, तुमच्या तासाला दुभाषी. मुलीलाही तो फरक ठाऊक असावा.

यात वयाचा विचार करावाच लागतो. मोठ्यांच्या बैठकीतले नियम, म्हणजे तटस्थ राहा, मध्ये बोलू नका, हे पहिलीतल्या मुलाला लागू पडत नाहीत. एका सहा वर्षांच्या मुलाला वाटायचं की मीच त्याची बाई आहे आणि समोर उभी असलेली ती दुसरी बाई उगाच तोंड हलवते! दुभाषी म्हणजे काय हे मुलाला शिकवावं लागतं, हळूहळू. त्यातला सगळ्यात मोठा धडा हा: कळलं नाही तर मला विचारायचं नाही, शिक्षकांना विचारायचं. मुलगी माझ्याकडे बघून “कळलं नाही” म्हणते तेव्हा मी तिच्या वतीनं मोठ्यानं म्हणते, “सर, मला हे कळलं नाही, पुन्हा सांगा.” पहिल्यांदा मुलं चिडतात, लाजतात. पण बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत हे जमलं नाही तर पुढे कॉलेजात, नोकरीत त्यांच्या वतीनं कायम दुसरंच कुणी बोलत राहतं. तुमच्या मुलीचं वय नेमकं हेच आहे. बाई हळूच तिला समजावत बसत असतील तर त्यांना म्हणा, तिला मलाच विचारू द्या.

अगदी लहान मुलांच्या वर्गात तर दुभाषीपेक्षा सांकेतिक भाषेत थेट शिकवणारी शिक्षिका हवी, असं माझं ठाम मत आहे. माझ्या पोटावर पाय येतो, तरी.

बोलण्यात गाळायचं काय? काहीच नाही. तुम्ही मागच्या बाकावरच्या मुलाला दटावलंत तर तेही तिला कळायला हवं. विनोद, पावसाचा आवाज, बाहेर वाजलेली घंटा, कुणीतरी केलेली कुजबुज, हे इतर मुलांच्या कानावर आपोआप पडतं आणि त्यातूनच जग कळतं. एकदा मागून एक मुलगा वर्गातल्या कर्णबधिर मुलीबद्दल घाणेरडं बोलला. मी ते तिला सांगितलं. शिक्षक माझ्यावर उखडले, “हे सांगायची काय गरज होती?” तेवढ्यात ती उठली आणि तिनं त्या मुलाला जे उत्तर दिलं ते मी खणखणीत आवाजात मराठीत आणलं. इथे लिहीत नाही. पण त्यानंतर त्या वर्गात ‘तिला कुठे ऐकू येतंय’ म्हणून कुणी काही बोललं नाही.

मधल्या सुट्टीत मात्र मी लांब जाते. पोरांच्या घोळक्यात एक मोठी बाई उभी असली की कोण मोकळं बोलेल? मुलांना 40-50 खुणा शिकवा, बाकीचं ती हातवारे आणि चेहऱ्यांवर निभावून नेतात. चुकतात, भांडतात, पण मैत्री होते. दुभाषीमार्फत मैत्री झालेली मी पाहिलेली नाही.

गोपनीयतेचं सांगायलाच हवं, कारण शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न रोज येतो: “काय म्हणते ती? आमच्याबद्दल काही बोलते का?” बाई हसून टाळत असतील तर त्यांचं बरोबर आहे. तिनं जे मैत्रिणीला सांगितलं ते बाईंच्या हातून गेलं म्हणून ते बाईंच्या मालकीचं होत नाही. अपवाद एकच. मुलीच्या जिवाला, शरीराला धोका आहे असं कळलं, तर शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला सांगायचं, आणि सांगणार आहे हे मुलीलाही सांगायचं. तिच्या प्रगतीच्या बैठकीत बाईंना जरूर बसवा. ‘गटचर्चेत निम्मं बोलणं तिच्यापर्यंत जात नाही’ किंवा ‘सलग चौथ्या तासाला माझं काम ढासळतं’ हे त्याच सांगू शकतात. ‘ती आळशी आहे का?’ हे त्यांना विचारू नका.

ढासळतं म्हणाले ते खरंच. मोठ्या परिषदांत दोन दुभाषी असतात आणि दर 20-30 मिनिटांनी बदलतात. ऐकणं, अर्थ लावणं, दुसऱ्या भाषेत मांडणं आणि त्याच वेळी पुढचं वाक्य ऐकत राहणं, याचा मेंदूला एवढा ताण येतो. थकल्यावर चुका आधी सुरू होतात आणि आपण थकलोय हे आपल्याला नंतर कळतं. शाळेत मात्र एकच बाई सहा-सहा तास उभी! मनगट, कोपर, खांदा यांची दुखणी आमच्या धंद्यात घरटी एक. वेळापत्रक लावताना सलग तीन बोलके तास टाळा, मध्ये चित्रकला किंवा लेखी कामाचा तास घाला. आणि बाई आजारी पडल्या तर काय, याचं उत्तर आजच ठरवा. ‘त्या दिवशी मुलगी घरी’ हे उत्तर नव्हे.

परीक्षेबद्दल: सूचना खुणांनी सांगाव्यात, यात वाद नाही. प्रश्नपत्रिका सांकेतिक भाषेत सांगायची का, हे काय तपासायचंय त्यावर आहे. मराठी वाचन तपासायचं असेल तर नाही, विज्ञान तपासायचं असेल तर हो. पण आमची भाषा चित्रमय आहे, सांभाळा. ‘समांतर रेषा काढा’ या प्रश्नाची खूणच दोन समांतर रेषा दाखवते, म्हणजे उत्तर मीच फोडलं. अशा ठिकाणी अक्षरं दाखवायची. हे आदल्या दिवशी दोघांनी बसून ठरवायचं, ऐन परीक्षेत नाही.

तुमच्या पत्रात सहकाऱ्यांचं एक वाक्य आहे: “ती ओठ वाचते ना, मग दुभाषी कशाला?” आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पाळ, बाळ, माळ. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलले ना? आता काय, गाय, हाय म्हणा. ओठांवर काहीच नाही, सगळं घशात. ओठवाचन हे दिसलेल्या थोड्यावरून उरलेलं ताडणं असतं, आणि ‘स्फटिकजल’ हा शब्द पूर्वी माहीतच नसेल तर ताडणार कसा? तरीही या समजुतीला मोठा इतिहास आहे. 1880 मध्ये मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणा सोडून तोंडी पद्धतीनंच शिकवावं असा ठराव झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कित्येक दशकं शाळांमधून खुणा हद्दपार झाल्या, मुलांना हात बांधून बसावं लागलं. त्याच परिषदांच्या परंपरेतली 2010 ची परिषद व्हँकुव्हरला भरली, तेव्हा ते ठराव फेटाळून खेद व्यक्त केला गेला. 130 वर्षं लागली. तुमच्या सहकाऱ्यांना थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

आता मुख्याध्यापकांचा गुणांबद्दलचा प्रश्न. 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात राउली नावाचा खटला गाजला. पहिलीतल्या एका कर्णबधिर मुलीच्या आईवडिलांनी वर्गात दुभाषी मागितला होता. शाळेनं नाकारला. न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला. मुलगी वरच्या वर्गात सहज जाते आहे, म्हणजे तिला शिक्षणाचा लाभ मिळतोय, कायद्याला तेवढं पुरे, असा त्याचा सारांश. गंमत बघा, तिचे वकील मायकेल चॅटॉफ स्वतः बधिर होते. न्यायमूर्तींचे प्रश्न त्यांना तिथल्या तिथे पडद्यावर लिहून दिसत होते. वकिलाला शब्द न् शब्द मिळाला. मुलगी मात्र उत्तीर्ण होते म्हणून तिनं जे निसटतं ते सोडून द्यावं! तुमच्याकडे तेच उलटं चाललंय: गुण कमी, म्हणून दुभाषीचा उपयोग काय? गुण दोन्हीकडे चुकीचा प्रश्न विचारतात. वर्गात जे बोललं गेलं त्यातलं तिच्यापर्यंत किती गेलं, हे आधी बघा. एखाद्या तासाला मागे बसून बघणारी, ही भाषा उत्तम येणारी तिसरी व्यक्ती बोलवा, शक्यतो कर्णबधिर. एका तासात कळेल.

आणि एक गोष्ट तपासाच, बाकी सगळं राहिलं तरी. मुलगी सांकेतिक भाषा कधी आणि कुणाकडून शिकली? दहापैकी नऊहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात ही भाषा बहुधा कुणालाच येत नसते. बऱ्याचदा मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत काही घरगुती खाणाखुणा सोडल्या तर पुरती भाषाच मिळालेली नसते. अशा मुलासमोर जगातली सर्वोत्तम दुभाषी उभी केली तरी ती भाषांतर कशात करणार? तुमची मुलगी ही भाषा दोनच वर्षांपूर्वी शिकली असेल, तर कमी गुणांचं कारण तिथे आहे.

भाषा एका माणसाकडून येत नाही. निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या शेवटी कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या. वर्गात तोंडी स्पॅनिश आणि ओठवाचन शिकवत होते, ते फारसं जमलं नाही. पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र आणून एक भाषा उभी केली, आणि पुढच्या लहान मुलांनी तिला व्याकरण दिलं. मुलांना मुलं लागतात. तुमची मुलगी शाळेत एकटी आहे. दिवसभर तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी एकच व्यक्ती, आणि ती व्यक्तीसुद्धा स्वतःचं न बोलता तुमचंच बोलते! आठवड्यातून एकदा तरी तिला दुसऱ्या कर्णबधिर मुलांत, मोठ्यांत नेता येईल का, ते पालकांशी बोला. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात शिक्षणाचं कलम 24 आहे. त्यात सांकेतिक भाषा शिकण्याची सोय करा, ती येणारे शिक्षक नेमा, त्यात अपंग शिक्षकही असू द्या, असं म्हटलंय. दुभाषींचा नाव घेऊन उल्लेख कलम 9 मध्ये येतो, सार्वजनिक ठिकाणी वावर सोपा व्हावा म्हणून. भाषा देणं वेगळं आणि दुभाषी देणं वेगळं, हा फरक करार लिहिणाऱ्यांना कळला होता असं मला वाटतं.

मोबाइलवर बोलणं लिहून दाखवणारी सोय चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. वाचन पक्कं असलेल्या मुलीला पूरक म्हणून चालेल. पण तिच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा आहे, आणि ते यंत्र तिचं उत्तर तुमच्यापर्यंत आणत नाही.

उद्याच्या तासाला एवढं करा. बाईंना फळ्याच्या बाजूला, तुमच्यापासून दोन पावलांवर उभं करा, म्हणजे मुलीला एका नजरेत दोघं दिसतील. त्यांच्या पाठीमागे खिडकी नको, उजेडात हात काळे दिसतात. मुलगी पहिल्या बाकावर नको, दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर कडेला, म्हणजे वर्गात कोण बोलतंय हेही तिला वळून बघता येईल. पुढच्या धड्याची पानं बाईंना आजच द्या.

आणि मुलीला तुमची नाव-खूण विचारा. प्रत्येक शिक्षकाचं पूर्ण नाव अक्षरांनी दाखवत बसणं परवडत नाही, म्हणून कर्णबधिर मुलं माणसाला एक खूण ठेवतात, त्याच्या एखाद्या लकबीवरून. तुम्हालाही तिनं एव्हाना ठेवली असणार, बाईंना ती माहीत असणार, आणि त्यांनी ती तुम्हाला सांगितलेली नसणार. माझ्या ओळखीच्या एका सरांची खूण नाकावर चष्मा सरकवण्याची होती, दुसऱ्या एकांची ढेरीवर हात फिरवण्याची. तुमची काय आहे ते तिलाच विचारा, थेट तिच्याकडे बघून. आवडेलच याची हमी देत नाही.